सत्तावीस दारं

बायको गेल्यानंतर सहाव्या आठवड्यात मी तिच्या कॅमेऱ्याची लेन्स उघडली.

टेबलावर जुना टॉवेल पसरला, त्यावर पांढरा कागद, आणि स्क्रू ठेवायला बाटल्यांची झाकणं. मी शिलाई मशीनचा मिस्त्री. कपड्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली. दोनशे दहा मशीनं माझ्याकडे होती. त्यामुळे लेन्स उघडायची मला भीती वाटली नाही.

लेन्स साधीच होती. नवी होती तेव्हाही सगळ्यात स्वस्त असणार. बायकोने जुन्या बाजारातून कॅमेरा घेतला तेव्हा ती त्यावर बसवलेलीच होती. फिरवायची रिंग प्लास्टिकची, तिच्यावरचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. अंतराचे आकडे मात्र शाबूत होते.

मला एकच गोष्ट बघायची होती. ही लेन्स खरंच बिघडलेली होती का.

त्याचं कारण असं. दवाखान्यात पहिल्याच दिवशी डॉक्टरने आम्हाला विचारलं होतं, "गेल्या काही महिन्यांत नजरेची काही तक्रार? धूसर दिसणं, एका बाजूचं न दिसणं?" मी म्हणालो, "नाही." बायकोने माझ्याकडे बघितलं आणि तीही नाही म्हणाली. डॉक्टरने कागदावर तसं लिहिलं. मी खोटं बोललो नव्हतो. तक्रार होती, पण ती लेन्सची होती. "अहो, ही नीट धरत नाही," असं ती चार महिने म्हणत होती आणि मी चार महिने लेन्सकडे बघत होतो. मेंदूत उजव्या बाजूला, मागे, गाठ निघाली. तिथून डाव्या बाजूचं दिसतं, असं डॉक्टरने नंतर सांगितलं. चोवीस दिवसांत बायको गेली.

लेन्स बिघडलेली असेल तर मी डॉक्टरला बरोबर उत्तर दिलं होतं. लेन्स ठीक असेल तर ती चार महिने मला तिच्या डोळ्यांबद्दल सांगत होती आणि मी ग्रीस भरत होतो.

लेक दुसऱ्या गावी असते. रोज संध्याकाळी फोन करते. तीस वर्षांची झाली तरी घरात ती पिल्लूच. दर चार-पाच दिवसांनी ती मला एकच विचारते, दुकानात नवा माल आलाय का विचारावं तसं.

"बाबा, आईला आधी काही कळलं होतं का?"

"नाही," मी म्हणतो.

"काहीच बोलली नव्हती?"

"नाही."

मग ती हवापाण्याचं बोलते आणि फोन ठेवते. मला रडू येत नाही. मेहुणी म्हणाली, दाजी, एकदा मोकळे व्हा. मी प्रयत्न करून बघितला. खुर्चीत बसलो, तिचा चष्मा समोर ठेवला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी चष्म्याच्या दांडीचा ढिला स्क्रू बघतोय. उठून तो घट्ट केला.

तर ते फोटो. बायको वाचनालयात फाटकी पुस्तकं चिकटवायच्या कामावर होती. निवृत्त झाल्यावर तिने कॅमेरा घेतला. आमच्या इमारतीत चार मजल्यांवर मिळून अठ्ठावीस घरं आहेत. तिने ठरवलं की प्रत्येक घरातल्या माणसाचा त्याच्या दारात उभं करून एक फोटो काढायचा. का, ते मी विचारलं होतं. "इतकी वर्षं राहतोय, नीट बघितलंय का कुणाकडे?" म्हणाली. सगळे तिला फोटोवाली म्हणायला लागले. ती कुणालाही घाई करायची नाही. लोक कपडे बदलून यायचे, केस विंचरून यायचे, आणि ती जिन्यात उभी राहून वाट बघायची.

ती बुटकी होती. माझ्या छातीला लागायची. चौथ्या मजल्यावरचा पोस्टमन इतका उंच की सगळे त्याला खांब म्हणतात. त्याने विचारलं होतं, "फोटोवाली, स्टूल आणू का?"

"नको," ती म्हणाली. "तुमचं तोंड वर आहे ते राहू दे. मी वर बघते. सवय आहे मला, घरात हे आहेतच."

प्रत्येक फोटोची नोंद ती वहीत करायची. आकडा, तारीख, कुणाचं दार, अंतर अंदाजे किती, आणि काही वाटलं तर एक शब्द. रोल महाग म्हणून एका दारासाठी एकच फोटो. रोल छत्तीसचा. सत्तावीस दारं झाली होती, अठ्ठाविसावं आमचं. रोल अजून कॅमेऱ्यातच होता. अर्धवट रोल ती कधी धुवायला द्यायची नाही, म्हणून मीही दिला नव्हता. कॅमेरा कपाटात ठेवला आणि फक्त लेन्स काढून घेतली.

आता ती उघडताना काय झालं ते सांगतो, कारण चूक माझी आहे.

लेन्सच्या आत दोन नळ्या असतात, एकीत एक बसणाऱ्या. त्यांना आटे असतात. रिंग फिरवली की आतली नळी आट्यांवरून पुढे-मागे सरकते आणि तिच्याबरोबर काचा सरकतात. फोकस म्हणजे एवढंच. पण हे आटे साध्या बोल्टसारखे नसतात. बोल्टचा आटा एकाच जागी सुरू होतो. या नळ्यांना बरेच आटे शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येकाची सुरुवात वेगळी. नळ्या एकमेकींपासून नेमक्या कुठे सुटल्या तिथे खूण केली नाही, तर परत बसवताना त्या कुठेही बसतात. बसतात छान, फिरतात छान, फक्त जागा चुकीची असते.

खूण केल्याशिवाय कुठलीही वस्तू सुटी करायची नाही, हे मी कारखान्यात निदान चाळीस शिकाऊ लोकांना शिकवलंय. एकाला तर त्याबद्दल सगळ्यांदेखत असं झापलं होतं की तो दोन दिवस कामावर आला नाही. आणि त्या दिवशी मी नळ्या फिरवत गेलो, फिरवत गेलो, आणि त्या सुटून दोन हातांत आल्या तेव्हा मी टेबलावरच्या झाकणांकडे बघत होतो. का, ते मला सांगता येत नाही. काही विचारही करत नव्हतो.

मग मी सगळं स्पिरिटने धुतलं. जुनं ग्रीस गेलं. आत मीच कधी बसवलेली पितळेची पातळ पट्टी होती, तीही काढून ठेवली. काचा पुसल्या. परत जोडलं आणि कॅमेऱ्यावर लावून बघितलं. टेबलावरचं झाकण स्पष्ट दिसलं. समोरची भिंत दिसेना. खिडकीतून रस्ता बघितला तर नुसते रंग. रिंग टोकापर्यंत फिरवली तरी तीन फुटांच्या पुढचं काही धरत नव्हती. पुन्हा उघडली, पुन्हा जोडली. या वेळी दोन फुटांच्या पुढचं दिसेना.

दुसऱ्या दिवशी मी लेन्स पुडीत बांधली आणि ती जिथून रोल घ्यायची त्या दुकानात गेलो. दुकान अरुंद आहे. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे फोटो धुवायची खोली. दुकान एक बाई चालवते, पंचेचाळिशीची असेल. कपाळावर भिंगाचा पट्टा चढवलेला. तिने लेन्स हातात घेतली, रिंग एकदा फिरवली आणि मागच्या स्क्रूंकडे बघितलं.

"कुणी उघडली?"

"मी."

"मिस्त्री आहात का?"

"कसं ओळखलंत?"

"एकाही स्क्रूचं डोकं खराब झालेलं नाही, आणि आत सगळी वाट लागलीय. असं मिस्त्रीच करतात. बाकीचे पहिल्या स्क्रूलाच हात टेकतात आणि मुकाट्याने माझ्याकडे येतात."

तिने खिडकीकडे धरून लेन्समधून बघितलं.

"नळ्या सुटल्या तिथे खूण केली होती?"

"नाही."

"तुमच्या मशीनवर करता का?"

"करतो."

"मग?"

"नाही केली."

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाली, "आठ जागा आहेत सुरुवातीच्या. एक बरोबर, सात चूक. मी बसवून देते, तासाभराचं काम आहे. लेन्स कुणाची, तुमची?"

"बायकोची. ती यायची तुमच्याकडे. वही घेऊन."

"त्या वहीवाल्या काकू? बऱ्याच दिवसांत नाही आल्या. रोल संपला नाही वाटतं अजून."

"ती गेली," मी म्हणालो.

बाईने लेन्स काउंटरवर ठेवली. कपाळावरचा पट्टा काढला, आणि तो कुठे ठेवावा ते न कळल्यासारखा हातात धरून राहिली. "बसा काका," म्हणाली. मी स्टुलावर बसलो.

"बसवल्यावर कळेल का," मी विचारलं, "आधी ती बिघडलेली होती की नाही ते?"

"आधी म्हणजे?"

"चार-पाच महिन्यांपूर्वी. ती म्हणायची, नीट धरत नाही."

"तुम्ही ग्रीस धुतलंत?"

"हो. आतली पट्टीही काढली."

"मग आता ही काही सांगणार नाही. मी नीट बसवेन ती माझी होईल. तेव्हा कशी होती ते गेलं." तिने लेन्स पुन्हा उचलली. "तेव्हाचे फोटो असतील ना?"

मी रोलचं सांगितलं.

"मग तो आणा. लेन्स ढिली असली तर ती एकाच बाजूला चुकते. दर वेळी तशीच चुकते, बिचारी. बघणाऱ्याचा डोळा चुकत असला तर त्याला धरबंध नसतो. कधी पुढे, कधी मागे. सत्तावीस फोटो पुष्कळ झाले. शेंबडं पोरही सांगेल."

"रोल अर्धवट आहे. नऊ राहिलेत."

"त्याने काही बिघडत नाही."

"ती अर्धवट द्यायची नाही."

मी थोडा वेळ बसलो. मग घरी जाऊन कॅमेरा आणला. रोल तिनेच गुंडाळून बाहेर काढला. "तीन दिवसांनी या," म्हणाली. "वही पण आणा."

ते तीन दिवस मी काय केलं ते आठवत नाही. जेवलो असेन. एकदा जिन्यात पहिल्या मजल्यावरची शिवणवाली भेटली.

"भाऊ, फोटोंचं काय झालं?" तिने विचारलं. मग तोंडावर हात ठेवला. "म्हणजे घाई नाही हो मला. तुमचं सावकाश होऊ दे."

"धुवायला दिलेत."

"खोटं कशाला बोलू, घाई आहे," ती म्हणाली. "ती म्हणाली होती, तुझी हनुवटी एकच दिसतेय. मला ते कागदावर बघायचंय."

तिसऱ्या दिवशी दुकानवालीने दारावर 'जेवणाची सुट्टी' ही पाटी लावली आणि मला पडद्यामागे नेलं. तिथे काचेखाली दिवा असलेलं टेबल होतं. सगळे फोटो तिने एकाच कागदावर बारीक बारीक छापले होते, रांगेने, तिकिटांएवढे. वर भिंग ठेवून एकेक बघायचा. तिने मला भिंग दिलं आणि वही स्वतःकडे घेतली.

"एक," तिने वाचलं. "चौथा मजला, खांब. पाच फूट."

मी बघितलं. खांब दारात उभा होता. चेहरा मऊ, पिठात बुडवून काढल्यासारखा. त्याच्या मागे दारावर त्याच्या नावाची पाटी होती, आणि तिच्यावरचं अक्षर अन् अक्षर वाचता येत होतं.

"दोन."

तसंच. माणूस धूसर, मागची पाटी स्पष्ट. तीन, चार, पाच, तसंच. सहावी म्हातारी, पाय अधू असलेली, दारात खुर्ची टाकून बसलेली. तिचा चेहरा धूसर होता आणि पुढे आलेले गुडघे स्पष्ट.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"काकू बुटक्या होत्या ना? उभ्या माणसासाठी कॅमेरा वर करायच्या. ढिल्या रिंगवरचा हात सैल झाला की काचा मागे घसरतात आणि फोकस मागच्या पाटीवर जातो. म्हातारी बसलेली, तिच्यासाठी कॅमेरा खाली केला. काचा पुढे घसरल्या, फोकस पुढे गुडघ्यावर आला. ही ढिली लेन्सच." तिने माझ्याकडे बघितलं. "काकू बरोबर म्हणत होत्या. बिघडलेली होती."

मला वाटलं, चला. चौदापर्यंत सगळे तसेच होते. शिवणवालीचा अकरावा. पाटी सुरेख आली होती. हनुवट्या किती ते सांगता येत नव्हतं.

"चौदाच्या खाली एक ओळ आहे," दुकानवाली म्हणाली. "'ह्यांनी रिंग घट्ट केली. आता बघू.'"

मला तो दिवस आठवत होता. रिंगमधला प्ले, म्हणजे आतली सैल हालचाल, मला हाताला लागला होता. मशीनच्या पितळी पत्र्यातून केसाएवढी पट्टी कापून मी आत बसवली आणि जाड ग्रीस भरलं होतं. अर्धा दिवस गेला होता. बायको शेजारी बसून झाकणं धरत होती.

"पंधरा," दुकानवाली म्हणाली.

पंधरावा स्पष्ट होता. माणसाच्या भुवईचा केस दिसत होता. सोळावा स्पष्ट. सतरावा, दोन बहिणी, दोघींच्या डोळ्यांत समोरची जिन्याची खिडकी दिसत होती.

"लेन्स पंधरापासून ठीक आहे," दुकानवाली म्हणाली. "काका, तुम्ही काम चांगलं केलंत. मीही याहून वेगळं केलं नसतं."

मी भिंग अठरावर सरकवलं.

अठरावा धूसर होता. मला पाटी बघायची सवय झाली होती, म्हणून मी पाटी बघितली. तीही धूसर. दारापुढे ठेवलेली बादली स्पष्ट होती. एकोणिसावा, घराच्या आतली मागची भिंत स्पष्ट. विसाव्यात काहीच नाही. एकविसाव्यात दाराची कडी. बाविसावा आणि तेविसावा मी दोनदा बघितले आणि त्यात काय स्पष्ट आहे ते मला सापडलं नाही. आणखी एक होतं. अठरापासून माणसं चौकटीच्या मधे नव्हती. उजवीकडे सरकली होती. डावीकडे मोकळी भिंत. आधी थोडी, मग जास्त.

"हे?" मी विचारलं.

दुकानवाली वहीकडे बघत राहिली. "हे लेन्सचं नाही," ती म्हणाली.

अठराव्या फोटोच्या संध्याकाळी बायको म्हणाली होती, "अहो, परत बिघडली वाटतं." मी लेन्स हातात घेऊन रिंग फिरवली. प्ले नव्हता. मला ते तेव्हाच कळलं होतं. माझ्या हाताला प्ले कळतो, तेवढं एकच मला येतं. तरी मी म्हणालो, "बघतो," आणि पाठचे स्क्रू थोडे घट्ट केल्यासारखं केलं. तिला बरं वाटावं म्हणून. त्याच दिवसांत ती स्वयंपाकघराच्या दाराला डावा खांदा आपटायची. मी रंधा घेतला आणि दाराची कड घासून गोल केली. तिने हात फिरवून बघितला आणि छान झालंय म्हणाली.

"चोवीस," दुकानवालीने हळू आवाजात वाचलं.

चोवीस पुन्हा स्पष्ट होता. दुसऱ्या मजल्यावरच्या सासू-सुना, दोघी हसतायत, सासूचा पुढचा दात नाही तोही दिसतोय. दोघी अगदी उजव्या कडेला, सुनेचा एक खांदा कापलेला. अर्ध्याहून जास्त फोटोत नुसती जिन्याची भिंत. पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, सगळे तसेच. चेहरे लख्ख, आणि शेजारी भिंत.

"मग डोळे बरे झाले होते का तिचे?" मी विचारलं.

दुकानवालीने वही माझ्यापुढे सरकवली.

तिचं अक्षर चोवीसपासून मोठं झालं होतं आणि पानाच्या उजव्या अर्ध्यात होतं. "२४. दुसरा मजला, सासू-सुना. टेप. चार फूट. टेप पिल्लूने धरली." पंचविसाला, "टेप. साडेचार. पिल्लूने धरली." सव्वीस आणि सत्तावीस, "टेप. कडीला अडकवली."

तिने कॅमेऱ्यातून बघून फोकस करणं सोडून दिलं होतं. कॅमेऱ्यापासून माणसापर्यंत अंतर मोजायचं, रिंगवर तो आकडा लावायचा आणि बटण दाबायचं. लेन्स ठीक असेल तरच हे जमतं. म्हणजे लेन्स ठीक आहे हे तिला माहीत होतं. मग ठीक काय नाही, तेही माहीत होतं.

टेप तिने माझ्याकडूनच घेतली होती. मी खुर्चीत होतो. "अहो, तुमची ती लोखंडी टेप द्या." मी म्हणालो, "पडद्यांना?" ती म्हणाली, "हं." मी दिली. एवढंच झालं.

चोवीसची तारीख बघितली. डॉक्टरने आम्हाला विचारलं त्याच्या सात आठवडे आधीची. सात आठवडे तिला माहीत होतं. आणि डॉक्टरने विचारल्यावर मी नाही म्हणालो, आणि तिने माझ्याकडे बघितलं.

"मोठे छापायचेत ना?" दुकानवालीने विचारलं. "लोकांना द्यायचे असतील. शेवटचे चार मी कापून नीट करून देते. भिंत काढली की माणसं मधे येतील."

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

चालत घरी आलो. रस्त्यात काय होतं ते मी बघितलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, पिल्लूचा फोन येणार. टेप धरली त्या महिन्यात ती चार दिवस इथे आली होती. ती विचारणार, आणि तिला नाही म्हणून सांगितलं तर तिला कधीच कळणार नाही की टेप कशासाठी धरली होती. एक शब्द पुरतो. आजवर पुरतच होता. मी तोच शब्द डॉक्टरलाही दिला होता, न विचार करता, दुसऱ्या माणसाच्या वतीने.

फोन आला. मी वही आणि फोटोंचा तो कागद समोर घेऊन बसलो होतो.

"काय केलं आज?" पिल्लूने विचारलं.

"आईचा रोल धुवून आणला."

"पूर्ण झाला नव्हता ना?"

"नाही. तसाच दिला."

"कसे आलेत?"

"काही चांगले आहेत. शिवणवालीचा गेला."

"तिला सांगू नका लगेच. डोकं खाईल तुमचं." ती थोडी हसली. मला माहीत होतं आता काय येणार. "बाबा, आईला आधी काही—"

"हो," मी म्हणालो.

मी वहीत चोवीसवर बोट ठेवलं.

"तिला कळलं होतं," मी म्हणालो. "ऐक, तारीख वाचतो." मी तारीख वाचली आणि पुढची ओळ वाचली. टेप, चार फूट. टेप पिल्लूने धरली. मग मी सगळं क्रमाने सांगितलं, पाट्या, माझी पट्टी, बादली, कडी, भिंत. मशीनचा बिघाड सांगतो तसं सांगितलं. मला दुसऱ्या प्रकारे सांगता येत नाही.

"मी दुसऱ्या मजल्यावरच्या सासूबाईंच्या नाकाला टेप लावली होती," पिल्लू म्हणाली. "त्या म्हणाल्या, माझ्या नाकाचं माप घेऊन काय शिवणार आहेस. आम्ही सगळ्या हसलो. आई पण."

"दिसतंय फोटोत. त्या हसतायत."

"टेपवरचा आकडा तिने मला वाचायला सांगितला. मी म्हटलं, स्वतः वाच की, चष्मा कुठे ठेवलास. बाबा, चष्मा तिच्या डोळ्यांवर होता. मी बघितला आणि तरी आकडा वाचून मोकळी झाले."

"हं."

"मला का नाही बोलली?"

"मलाही नाही बोलली," मी म्हणालो. मग म्हणालो, "डॉक्टरने विचारलं होतं. नजरेची तक्रार आहे का. मी नाही म्हणालो."

"आणि ती?"

"तीही नाही म्हणाली."

"तुम्ही आधी म्हणालात म्हणून."

"असेल."

"असेल नाही, तसंच आहे. चारचौघांत तिने तुम्हाला कधी खोटं पाडलं नाही. तुम्ही रस्ता चुकलात तरी ती तुमच्यामागून चालत राहायची." ती हे रागावून म्हणाली नाही. सांगितलं फक्त. मी ऐकलं. खरं होतं.

तिच्याकडे कुठेतरी नळ चालू होता, तो तिने बंद केला.

"तो फोटो मला हवाय," ती म्हणाली. "सासू-सुनांचा."

"दुकानवाली म्हणाली कापून देते. भिंत निम्म्याहून जास्त आलीय."

"कापायचा नाही."

"सासूबाईंनाही एक द्यायचाय."

"त्यांनाही अख्खाच द्या. शेवटच्या चौघांनाही. विचारलं तर सांगा."

"काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच."

मी वहीत चोवीसपुढे लिहिलं, अख्खा छापावा, तीन प्रती. पंचवीस, सव्वीस, सत्ताविसापुढे लिहिलं, अख्खा. पिल्लू म्हणाली, "लिहिताय का?" मी हो म्हणालो, आणि मग आम्ही एकपासून सुरुवात केली. मी आकडा वाचायचो, दार सांगायचो, फोटोत काय दिसतंय ते सांगायचो, आणि तो कुणाला किती प्रती द्यायच्या ते ती सांगायची.